नवा चेंडू

बोलिंगच्या अंतिम सामन्यात वसुधाचा चेंडू एकही पिन न पाडता कडेच्या खोबणीत गेला आणि तिच्या नवऱ्याने, शार्दूलने, मान खाली घातली. "याचा गाभाच वेगळा आहे, आपोआप वळतो," असं सांगत हा नवा चेंडू त्यानेच तिच्या गळ्यात मारला होता. तिने जुना आणू नये म्हणून सकाळी त्याने तो गुपचूप पिशवीतून काढूनही ठेवला होता.

सामना हरल्यावर प्रशिक्षक भडकले. "हाताला बसलेला जुना चेंडू घरी ठेवून आलीस?"

वसुधाने शार्दूलकडे एकदाच पाहिलं. "विसरले, सर," म्हणत तिने नव्या चेंडूच्या घट्ट भोकाने सुजलेला अंगठा मुठीत लपवला.

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ती नाही विसरली, मीच..." तो पुटपुटला. पण प्रशिक्षक तोवर वळून निघून गेले होते.

ऐकलं ते फक्त तिने.