भांड्याखालची पट्टी

दोन वर्षं जगभर भटकायला निघायच्या आधी मी नेब्रास्कातल्या आमच्या खेड्यात एक चक्कर टाकली. आनंदाने नुसती उडत होते. चर्चमधल्या जेवणात भेटेल त्याला सांगत सुटले, "आता परत येते कसली!" कुणी साधं "जाऊ नको" म्हणालं नाही. उलट जो तो माझ्या गाडीत काहीतरी भरलेलं भांडं आणून ठेवत होता.

"अहो काकू, परवा माझं विमान आहे!"

"मग उद्यापर्यंत खा," शेजारच्या व्हर्ना काकू म्हणाल्या. "भांडं मात्र परत कर गं बाई. आणि रिकामं आणलंस तर याद राख!"

रिकामं भांडं परत करणं म्हणजे आमच्याकडे पापच. अकरा भांडी घेऊन मी गाणी म्हणत शहरात परतले. मैत्रिणींना बोलावून सगळं फस्त केलं आणि भांडी घासायला घेतली. प्रत्येकाच्या बुडाशी नेहमीसारखी मालकिणीच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती.



फक्त या खेपेला अकराही नावांखाली एकच तारीख होती, दोन वर्षांनंतरची: "रविवार, दुपारी बारा, चर्चमध्ये. भरून आण."