गप्प बसायचा दिवस

देवस्थळी मॅडम मटार सोलत होत्या, पण नजर लॅपटॉपवर. दाणे सालांत पडत होते, सालं पातेल्यात.

ऑनलाइन वर्गाच्या चर्चेत कुणी प्रश्न टाकला, की त्या पाच मिनिटांत सविस्तर उत्तर देत. खाली तीस जण ‘धन्यवाद मॅडम’ लिहीत आणि चर्चा तिथंच आटोपे. “एक दिवस गप्प बसून बघा,” विभागप्रमुख म्हणाले होते.

आज एकानं चक्क चुकीचं उत्तर लिहिलं. मॅडमचे हात शिवशिवले. त्यांनी चार ओळी भराभर लिहिल्यासुद्धा. तेवढ्यात, ‘धन्यवाद’पलीकडे कधीच काही न लिहिणाऱ्या शाहीननं ती चूक दाखवली. उत्तर लिहिणारा भांडला. मग बाकीचेही वादात उतरले.

“मॅडम कुठायत आज?” कुणीतरी विचारलं.

“हाक नको मारूस,” शाहीननं लिहिलं, “आत्ता कुठं बोलायला मिळतंय.”

मॅडमनी चार ओळी पुसल्या. ‘धन्यवाद शाहीन’ लिहिलं.

मग तेही पुसलं.