अकरा फोन

सुक्या मांदेलीच्या पाटीत अकरा जुने फोन ओळीने मांडले होते. सगळ्यांवर एकच गाणं चालू होतं, आवाज बंद करून. फोन तापतात म्हणून दानबीच्या आईने माश्या हाकलायचा पंखा त्यांच्याकडे वळवला होता.

समोरच्या औषधाच्या दुकानातली ओकजू पांढऱ्या कोटातच रस्ता ओलांडून आली.

"आकडा उतरलाय," दानबीची आई म्हणाली. "सकाळी नव्व्याण्णव लाख ऐंशी हजार होते. आता नव्व्याण्णव लाख चोपन्न हजार दाखवतंय. एकदा बघितलेलं परत न बघितलेलं कसं होतं गं?"

दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगच्या त्या मासळी बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. आज संध्याकाळी सहाच्या आत या गाण्याचे एक कोटी व्ह्यूज झाले नाहीत, तर सोलची कंपनी पाच मुलींच्या त्या बँडचं पुढचं गाणं काढणार नव्हती. पाचांतली एक दानबी. शेजारणींनी कपाटात पडलेले फोन म्हणूनच आणून दिले होते.

ओकजूने पाटीकडे पाहिलं. "किती दिवस चाललंय हे?"

"पाच. रात्रंदिवस. एकदाही थांबू दिलं नाही."

"तीन मिनिटांचं गाणं. तासाला वीस वेळा. अकरा फोन." ओकजूचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. "सव्वीस हजार चारशे. ताई, ॲपवाल्यांनी तुझेच कापलेत."

"मी आई आहे तिची."

"ते त्यांना काय माहीत? आवाज बंद, मध्ये दुसरं गाणं नाही, एकाच वायफायवर अकरा फोन. माणूस असं बघतो का कधी? त्यांनी तुला यंत्र समजून काढून टाकलं. आवाज निम्मा तरी ठेवायचा, मध्ये दोन दुसरी गाणी लावायची, सुरू केलं की शेवटपर्यंत बघायचं. आमच्या बँडच्या पोरांचं गाणं आम्ही चाहत्यांनी असंच तीस कोटींवर नेलं."

"पोरांचं म्हणे. नवऱ्याचा वाढदिवस तरी लक्षात असतो का तुझ्या?"

"त्याला कोण बघतंय?"

दोघी हसल्या. मग दानबीच्या आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अजून सेहेचाळीस हजार," ती म्हणाली.

ओकजूने एकेक करून अकराही फोन बंद केले. मग स्वतःचा फोन काढून गाणं लावलं आणि आवाज वाढवला. "माझं खातं जुनं आहे, इथे बघितलेलं मोजतात. घे. आता नीट माणसासारखं बघ."

दानबीच्या आईने ॲप्रनला हात पुसले. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून तिने फोन दोन्ही हातांत धरला. पाच दिवसांत गाणं तिच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं.

"यात तिचा आवाज कुठला?"

"एकच ओळ आहे तिला. येईल, थांब."

ॲप्रनच्या खिशात तिचा स्वतःचा फोन वाजू लागला. तिने तो काढून नंबर पाहिला आणि मांडीवर ठेवून दिला. कंपनीच्या बाईंचा नंबर होता. मुलींचे फोन कंपनीने काढून घेतले होते. पंधरा दिवसांतून एकदा त्या बाईंच्या फोनवरून दानबी पाच मिनिटं बोलायची. आपण उलट फोन केला, तर तो कुणी उचलत नसे.

"ताई, दानबी असेल. उचल की."

"माणसाने बघायचं म्हणालीस ना."

"अगं, चालू राहिलं की झालं. मी बघते, तू बोल."

दानबीच्या आईने नजर हलवली नाही. "नको. मध्ये उठले तर हेही कापतील."

मांडीवरचा फोन वाजत राहिला. ओकजूने हात पुढे केला, तेव्हा दानबीच्या आईने कोपराने तो बाजूला सारला. शेवटी फोन आपोआप थांबला.

पडद्यावर डावीकडून एक मुलगी पुढे आली, चार सेकंद हसली आणि दुसऱ्या मुलीच्या मागे गेली.

"आली बघ," दानबीची आई म्हणाली.