मागच्या जागेचा स्तंभालेख

उभी रेघ

"शून्य कुठं आहे, ते आधी दाखव," आनंदीबाई म्हणाल्या.

पृथ्वीराजनं चार्टपेपरच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथून सुरुवात. मधूनच कुठून तरी नाही. उभ्या रेघेवर काय मोजलं ते लिहायचं. आडव्या रेघेवर, किती वेळा दिसलं ते."

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत आनंदीबाई तळमजल्यावर एकट्या राहत. चौथीला गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या खिडकीबाहेर इमारतीमागची मोकळी जागा होती आणि तिथं सोसायटीतली तीन मुलं क्रिकेट खेळत. खिडकीच्या एका काचेला चिकटपट्टी होती. तिच्याबद्दल पृथ्वीराज कधी काही बोलला नव्हता. बाईही बोलल्या नव्हत्या.

येत्या रविवारी सोसायटीची सभा होती. मागची जागा सभासदांच्या दुसऱ्या गाड्यांना द्यायची का, हा विषय होता. दिली की क्रिकेट संपलं.

"आम्ही सगळ्यांना हात जोडू," चौथीतली अपेक्षा म्हणाली.

"हात जोडून कर्वेनगरात कुणी पार्किंग सोडलंय?" बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांना आकडे दाखवायचे. मागच्या जागेत काय काय होतं, ते या आठवड्यात मोजा. आलेख काढायला मी शिकवते."

आडवी रेघ

बाईंनी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकानं एक उचलायची आणि चिठ्ठीत असेल तेवढंच मोजायचं. आपापल्या गॅलरीतून, शाळेतून आल्यापासून अंधार पडेपर्यंत. एकदा दिसलं की एक चौकोन. दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही, स्वतःची चिठ्ठी दाखवायची नाही.

"का?" अपेक्षानं विचारलं.

"डोकावलं की चढाओढ लागते. मग आकडे फुगतात."

"आणि खेळायचं कधी?" पृथ्वीराज म्हणाला.

"आठवडाभर घरी राहिली म्हणून बॅट गंजत नाही."

सगळे हसले. अपेक्षाची धाकटी बहीण सोनू पहिलीत होती. तिनं आपली चिठ्ठी अक्षर अक्षर लावून वाचली आणि मूठ मिटली.

मुलांनी मन लावून मोजलं. पृथ्वीराजची आई जिन्यात भेटली तेव्हा बाईंना म्हणाली, "काय जादू केलीत हो? परीक्षेतसुद्धा हा एवढा वेळ एका जागी बसलेला नाही."

"मुलं शिकतात," बाई म्हणाल्या. "काम नेमकं दिलं पाहिजे."

चौकोन

शनिवारी मुलं बाईंकडे पट्ट्या रंगवायला बसली. एकमेकांकडे पाठ करून. चौकोन सारखे हवेत, मधे फट नको, रंग रेघेबाहेर नको. पृथ्वीराजचा एक चौकोन जरा रुंद झाला होता. बाईंनी तो खोडून पुन्हा काढायला लावला.

"फसवणूक अशीच सुरू होते," त्या म्हणाल्या.

सोनू रडवेली झाली होती. "बाई, मला रंगवायला काहीच नाही."

"काहीच दिसलं नाही?"

तिनं मान हलवली. "एक काढू? छोटासा?"

"दिसलं नाही ते काढायचं नाही. कोरी पट्टीसुद्धा पट्टीच असते." बाईंनी तिला नारळाची वडी दिली.

वाचन

सभा गच्चीत भरली. मुलांनी एकेक करून आपली पट्टी चार्टपेपरवर चिकटवली आणि शेजारी चिठ्ठी लावली. सगळ्या पट्ट्या पहिल्यांदाच एकत्र आल्या.

जागा शोधत आलेल्या गाड्या ■■■■■■■■■■■
कुत्री ■■■■■■
खेळणारी मुलं

चेअरमन नागोरावांनी चष्मा लावला. "वा. सुबक आहे." ते एकेका ओळीवरून बोट नेऊ लागले. तिसऱ्या ओळीवर बोटाला जायला काही नव्हतं. "इथं काय आहे?"

"काही नाही," सोनू म्हणाली.

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं.

"काका, आम्ही मोजत होतो ना," पृथ्वीराज म्हणाला.

"म्हणजे खेळत नव्हता."

"पण एरवी खेळतो. रोज खेळतो."

"एरवीचा आलेख आणलाय का?"

अपेक्षानं बाईंकडे पाहिलं. बाई चार्टपेपर तिरका तर लागला नाही ना, ते बघत होत्या.

"मोजणीत काही चूक आहे का गं?" नागोरावांनी अपेक्षाला विचारलं.

तिनं तिन्ही पट्ट्या पुन्हा पाहिल्या. शून्यापासून सुरू झालेल्या, सारख्या चौकोनांच्या.

"नाही," ती म्हणाली.

"मग प्रश्न मिटला. ठराव घेऊ. मागची जागा सभासदांच्या दुसऱ्या गाड्यांना द्यावी." नागोरावांनी पेनाचं टोपण काढलं. "सूचक कोण?"

"मीच," आनंदीबाई म्हणाल्या. "सभेला विषय मीच दिला होता."