बोलकी कपार

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. देऊळघाटच्या डोंगरातल्या कपारीत मंजुळा भिंती सारवायला पांढरी माती खणत होती आणि तोंडाशीच दरड कोसळली. कमरेपर्यंत ती मातीत रुतली. गच्च अंधार झाला, श्वासागणिक धूळ आत जाऊ लागली. आता आपण इथंच संपलो, असं तिला वाटलं.

"मंजुळे! जित्ती हायस का वो?"

आवाज मोठ्या जावेचा, रुख्मिणीचा होता. तीही मातीलाच आली होती. शेताच्या धुऱ्यावरून, सामाईक बांधावरून, दोघींच्या नवऱ्यांत वैर पेटलं तेव्हापासून, पाच वर्षं, जावांना एकमेकींशी बोलायची बंदी होती.

"हाव, बाई. पण पाय हालून नाही राह्यले."

"झोपू नोको. बोलत राह्य माह्यासंग."

रुख्मिणी हातांनी उकरत होती, मंजुळा आतून बोलत होती. पोरीला दात आले, विहीर आटली, रुख्मिणीची आई गेली तेव्हा भेटायला येता आलं नाही, सगळं बोलून झालं. ऊन कलता कलता रुख्मिणीचा रक्ताळलेला हात आत आला.

घरी नवऱ्यानं विचारलं तेव्हा मंजुळा म्हणाली, "मी आपली आपूनच भाईर निघाली."

गावानं ती कपार टाकली. या दोघी मात्र दर सोमवारी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन तिथंच बसायच्या. आतून बायकांचं हसणं ऐकून गुराखी दुरूनच हात जोडायचे, आणि त्यांनीच भीतभीत तिला बोलकी कपार म्हणायला सुरुवात केली.