पंख्यासमोर गृहपाठ

मुलीच्या गृहपाठाचं पुठ्ठ्याचं घर बाबांनी रजा काढून बांधलं होतं. इंजिनिअरच्या लेकीला दहापैकी नऊ मिळाले असते, तर घराण्याची अब्रू गेली असती. लेकीचं काम एवढंच, हात न लावता बघायचं. पालकसभेत बाईंनी टेबलफॅन आणून ठेवला. “यंदापासून गृहपाठाला गुण नाहीत. पंख्यासमोर घर उभं राहिलं की पास.” कुणाचं तरी मातीचं बुटकं, वाकडं घर ढिम्म हललं नाही. बाबांचं मात्र गच्चीसकट उडालं आणि बाईंच्या पायाशी आडवं झालं. आई पुटपुटली, “शोभा झाली!” बाबांनी घसा साफ केला. “अहो बाई, हा पुठ्ठा आहे. खऱ्या कामात आम्ही सगळा हिशेब करतो.” “याचाही केला होता की, बाबा!” लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. “आपली बिल्डिंगपण तुम्हीच बांधलीय ना?” मागच्या बाकांवर बसलेले बिल्डिंगमधले शेजारी ताडकन उठले.