उंबऱ्यातल्या चपला

महाराष्ट्र होऊन दोन उन्हाळे झाले होते. मोताळ्याच्या वाचनालयात चपला बाहेर काढूनच यायचं. घर जळालेल्या सुपडाला ती अडचण नव्हती. तो अनवाणीच असे. दिवसभर खिडकीजवळच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसे. संध्याकाळी मी चपला घालून उंबऱ्यातून ओरडे, "उठ बे, कुलूप लावाचं हाये."

"कुठं जाऊ जी?" तो विचारी. मी नुसत्या किल्ल्या वाजवी.

त्या दिवशी तो आलाच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. बंद करण्याआधी सहज त्याच्या बाकावर टेकलो. बाक उबदार होता. मी वर्तमानपत्र उघडलं.

"उठ बे, कुलूप लावाचं हाये."

आवाज माझा होता. उंबऱ्यातल्या माणसाच्या पायांत माझ्याच चपला होत्या. मी खिशात किल्ल्या चाचपल्या. त्या उंबऱ्यात वाजल्या.

माझ्या तोंडून निघालं, "कुठं जाऊ जी?"